तळचे पाणी वर येते तेव्हा

थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालेल्या मोटारींपैकी बऱ्याच भिगवणला वळतात. कुंभारगावच्या किनाऱ्यावर होडी ठरवायची, उथळ पाण्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी पाहायचे, मुलांच्या हातात दुर्बीण द्यायची आणि परतताना चिलापीचे ताट वाढणाऱ्या एखाद्या खानावळीत बसायचे, असा हा साधा कार्यक्रम. इंदापूर तालुक्याला हे दिवस उजनीच्या फुगवट्याने दाखवले. पक्ष्यांची छायाचित्रे घरोघर पोचली, माशाची चवही पोचली. पण ज्याच्या जिवावर हा पक्षी आणि हा मासा दोघेही जगतात, त्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. कारण ते डोळ्यांना दिसत नाही. होडीतून ओंजळभर पाणी घेतले तर त्यात ते हजारोंनी असते, आणि आपण ‘पाणी जरा हिरवट आहे’ एवढे म्हणून ओंजळ सोडून देतो.

मराठीत त्याला प्लवक म्हणतात. व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला, तो ‘भटका’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ज्याला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे जे जाते, ते सगळे प्लवक. त्यातले काही वनस्पतींच्या जातीचे असतात, सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न करणारे. काही प्राणी असतात, त्या वनस्पतींना खाणारे. हे सगळे फार लांबचे वाटत असेल तर आपल्या आजीने हंड्याच्या तोंडाला बांधलेले दुपदरी फडके आठवावे. विहिरी-बारवांच्या पाण्यातून होणारा नारू ज्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटातून माणसात येई, तो प्राणी प्लवकच. आजीला त्याचे नाव ठाऊक नव्हते, फडके मात्र बरोबर होते. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला, त्यात अशा फडक्यांचा वाटा मोठा होता.

पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासून जेवढे अन्न तयार होते, त्यातले जवळपास निम्मे समुद्रातले वनस्पती प्लवक तयार करतात. उरलेले निम्मे सगळी जंगले, सगळी कुरणे आणि आपला बारामतीचा ऊस धरून. एवढा मोठा कारभार करणाऱ्या या जिवांपुढे एक अडचण कायमची असते, आणि ती समजली की पुढचे सगळे समजते. प्रकाश असतो वर आणि खत असते खाली. वरच्या थरात उजेड भरपूर, म्हणून प्लवक तिथे वाढते. वाढताना पाण्यातले नत्र आणि स्फुरद वापरून टाकते. मग ते मरते, किंवा कुणीतरी खाऊन त्याची विष्ठा होते, आणि ते सारे हळूहळू तळाकडे जाते. तिथे कुजून पुन्हा खत होते. पण तिथे अंधार. आमच्या पूर्वीच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर वरचे पाणी म्हणजे चालू खाते, सदा रिकामे. आणि तळ म्हणजे मुदत ठेव, भरलेली पण हाताला न लागणारी.

ही ठेव मोडायला वर-खाली हालचाल हवी, आणि पाण्याला ती सहजी जमत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर तरंगते, गार पाणी जड होऊन खाली बसते. २४ अंशांचे हजार लिटर पाणी ३० अंशांच्या हजार लिटरांपेक्षा दीड किलोहून थोडे अधिक भरते. फरक वाटतो मामुली, पण एवढ्यानेही पाण्याचे दोन मजले पडतात आणि मधला जिना बंद होतो. तो उघडण्याचे काम जगभर मुख्यतः वारा करतो.

समुद्रात हे काम कसे चालते त्याचा उलगडा व्हायला ध्रुवाकडचा बर्फ उपयोगी पडला, ही गंमतच. नॉर्वेचा नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून घेऊन उत्तरेकडे वाहत गेला. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे सरकतो, हे त्याच्या ध्यानात आले. एकमान या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचे गणित मांडले. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर एकूण हिशेबात वाऱ्याच्या उजव्या हाताला जातो. आता आपला पश्चिम किनारा डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्यापाशी थोडा वळतो आणि त्याचा काही अंश किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात पश्चिमेला, म्हणजे खोल समुद्राकडे. वरचे पाणी तिकडे सरते आणि रिकाम्या झालेल्या जागी तळचे गार, खताने भरलेले पाणी वर चढते. प्रवाहांची आणखीही कारणे त्यात मिसळतात, पण मूळ गोष्ट ही. केरळच्या किनाऱ्यावर हे जोरात होते, उत्तरेकडे येताना मंदावत जाते. तारली आणि बांगड्याची पश्चिम किनाऱ्यावरची समृद्धी या वर येणाऱ्या पाण्याशी बांधलेली आहे. जगात असे पट्टे सगळ्या समुद्राच्या जेमतेम एक टक्का, आणि पकडल्या जाणाऱ्या समुद्री माशांपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांतला. पेरू देशात १९७० च्या सुमारास वर्षाला एक कोटी टनांहून अधिक अँकोव्हेटा मासा निघत होता. १९७२ साली एल निनोमुळे तिथले गार पाणी वर येणे मंदावले, आधीच वारेमाप चाललेली मासेमारी त्यावर पडली, आणि तो धंदा कोसळला.

पाणी वर आले की प्लवक वाढते, एवढ्यावर गोष्ट संपत असती तर ती पाठ्यपुस्तकात ठेवून देता आली असती. खरी मौज आहे ती कोणते प्लवक वाढते यात. गार पाणी नुकतेच वर आलेले असते, सगळे घुसळलेले असते, तेव्हा पहिला मान डायटमचा. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारी एकपेशीय वनस्पती. डबीला खरोखर झाकणही असते. तिला ना पाय ना वल्हे, त्यात काचेचे ओझे. पाणी स्थिर झाले की ती बुडते. म्हणून तिला घुसळण हवी, आणि खत मुबलक असेल तर तिच्या वेगाने दुसरे कुणी वाढत नाही. तिच्यामागून काही दिवसांनी, आठवड्यांनी तिला खाणारे बारीक कवचधारी जीव वाढतात, आणि त्यांच्यामागून मासे. वारा पडला, पाणी निवळले, खत उतरणीला लागले की दुसऱ्या मंडळींची पाळी येते. यांना चाबकासारखे दोन केस असतात. ते हलवून ती उजेड आणि खत यांच्यामध्ये येजा करू शकतात. रात्री लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिल्युका याच कुळातला. कोकणातल्या किनाऱ्यांवर लोक तो पाहायला गर्दी करतात. आणि तिसरी मंडळी नील-हरित शेवाळाची. त्यांतल्या काहींच्या पेशीत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना घुसळण नकोच असते. गरम, निवांत, भरल्या पोटाचे पाणी असले की ती नुसती वर तरंगून सावली धरतात आणि खालच्यांचा उजेड अडवतात. बुडणारे, पोहणारे आणि तरंगणारे, असे हे तीन बिऱ्हाडकरू. कोण राहील ते पाणी किती हलते यावर ठरते.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याची आणखी एक अडचण आहे. तिथे पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी समुद्रावर पातळ साय धरल्यासारखे पसरते. तळचे पाणी वर येऊ पाहते, पण या सायीखाली अडते. तिथेच त्यातला उरलासुरला प्राणवायू संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले, की पावसाळ्याच्या अखेरीस या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू पार नाहीसा होतो आणि नायट्रस ऑक्साइड हा वातावरण तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. खत आणि गुदमरणे ही एकाच पाण्याबरोबर येतात, हे ध्यानात असू द्यावे. उजनीवर गेल्यावर ते कामाला येईल.

आता समुद्र आणि इंदापूर यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध वाऱ्याचा आहे. कोकणकिनारी तळचे पाणी वर काढणारा जो पावसाळी वारा, तोच सह्याद्रीवर चढतो, तिथे आपले ओझे रिते करतो आणि कोरडा होऊन बारामती-इंदापूरवर येतो. आमच्याकडे जूनमध्ये धूळ उडते ती याच वाऱ्याने. तिकडे डोंगरावर पडलेले पाणी मात्र भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा यांच्यातून उशिराने का होईना आमच्याकडे येते. पश्चिमेचा समुद्र एवढा जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून ही नदी बंगालच्या उपसागराची वाट धरते, म्हणून तर उजनी भरते. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वर येणारे गार पाणी ज्या वर्षी कमी पडते, त्या वर्षी समुद्र अधिक तापतो, बाष्प अधिक निघते आणि सह्याद्रीवर पाऊस वाढतो, असेही अभ्यासात दिसले आहे. कुठल्या पाण्याचा हिशेब कुठे मांडावा लागेल, सांगता येत नाही.

उजनीचे काम १९८० साली पूर्ण झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५३ च्या आसपास उपयुक्त आणि ६३ हून अधिक मृत. मृत साठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असलेले हे धरण आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रे ‘उजनी उणे’ असे मथळे देतात, तेव्हा बाहेरगावच्या वाचकाला कोडे पडते की धरण शून्याच्या खाली कसे जाते. बँकेत काढलेल्या माणसाला ते पडत नाही. ओव्हरड्राफ्ट आम्ही रोज पाहिला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर येऊन उभे राहिले होते. लोक दर्शनाला गेले. ज्यांची घरे त्या मंदिराच्या आसपास होती, तेही गेले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी शेतीकर्जाचा अधिकारी म्हणून या भागात फिरत असे. होडी आणि जाळ्यांसाठी अर्ज येत. छापील अर्जात तारणाचा रकाना असे आणि बँकेला सातबारा हवा असे; आणि अर्जदारांपैकी कित्येकांचा सातबारा पाण्याखाली गेलेला. ज्या पाण्याने जमीन नेली त्याच पाण्यावर पोट भरायला निघालेली ती माणसे होती. एका वयस्क भोयाला मी विचारले होते, की मासा बरा लागणार की नाही हे तुम्ही कशावरून ओळखता. त्याने पाण्याकडे पाहत सांगितले, “पाणी हिरवं असलं की जाळं भरतं, सायेब. पण लई हिरवं झालं, तर मासाच गुदमरतो.” प्लवकशास्त्रावर मी पुढे बरीच पुस्तके वाचली. या दोन वाक्यांच्या फार पुढे त्यांतली थोडीच जातात.

उजनीत वारा समुद्रासारखेच काम करतो, फक्त छोट्या मापाने. दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की वरचे पाणी, आणि त्याबरोबर तरंगणारे शेवाळ, पूर्वेच्या काठाकडे लोटले जाते. पश्चिमेच्या अंगाला खालचे पाणी त्याची जागा घ्यायला वर येते. हिवाळ्यात वरचे पाणी रात्री गार होऊन स्वतःच खाली उतरते आणि मजले मोडतात. आणि उन्हाळ्यात, साठा उणे झाला की, पाणी इतके उथळ होते की वारा थेट गाळालाच हात घालतो. त्या गाळात चार दशकांचे स्फुरद आहे. तळाशी प्राणवायू नसला की लोहाशी बांधलेले हे स्फुरद सुटून पाण्यात येते. समुद्रातला तळ वर्षातून एका ऋतूत वर येतो. इथे उन्हाळाभर, दररोज दुपारी.

तरीही उजनीची मोठी ठेव तळातून येत नाही, ती वरून येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांमार्गे भीमेत उतरते. वाटेत शेतांमधले युरिया आणि सुपर फॉस्फेट त्याला मिळते. उसाला दिलेला खताचा सगळा हप्ता उसाच्याच मुळाशी राहतो असे नाही. समुद्रात वर आलेले खत हे समुद्राचेच जुने येणे असते. इथे शहर रोज नवी भर घालते. यात एक बारकावा आहे, तो फारसा बोलला जात नाही. सांडपाणी शुद्ध केले की प्रश्न मिटला असे आपण धरून चालतो. नेहमीच्या शुद्धीकरणाने घाण कुजवून कमी होते, पाणी निवळ दिसते, वास जातो. पण विरघळलेले नत्र आणि स्फुरद बरेचसे तसेच पुढे जाते. ते काढायला निराळी पायरी लागते आणि तिला निराळा खर्च. जपानच्या अर्थसाहाय्याने पुण्यात नवी केंद्रे उभारण्याचे काम काढले गेले, ते हवेच होते. पण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी किती स्वच्छ दिसते याच्याबरोबर त्यात स्फुरद किती आहे, हेही पुणेकरांनी विचारायला हवे. स्वच्छ दिसणारे पाणीही प्लवकाला उत्तम जेवण असते.

अशा गरम, भरल्या पाण्यात डायटमची पाळी आखडते आणि तरंगणारे नील-हरित शेवाळ ठाण मांडते. भाताच्या खाचरात ज्याच्या भावंडांना आपण जैविक खत म्हणून मुद्दाम सोडतो, त्याच कुळातले हे. त्याचे मोठाले पुंजके बारीक किड्यांच्या तोंडात मावत नाहीत, म्हणून त्यांना खाणारे प्राणी प्लवक मागे पडते. रात्री उजेड नसतो तेव्हा हीच हिरवळ प्राणवायू ओढते. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात ते यामुळे. शिवाय या शेवाळाच्या काही जाती यकृताला अपाय करणारे विष तयार करतात, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. उजनीचे पाणी सोलापूरसारख्या शहराला प्यायला जाते, म्हणून हिरव्या तवंगाची तपासणी ही निव्वळ मासेमाऱ्यांची बाब उरत नाही.

चिलापीचे मात्र यात बरे चालले आहे. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणलेला. शेवाळ, गाळ, कुजका कचरा, त्याला काही वर्ज्य नाही; प्राणवायू कमी असला तरी तो तग धरतो; आणि मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्ले वाचतात.  कटला वरच्या थरातले प्राणी प्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाला. ताटे तीन आणि भांडण नाही, अशी ही जुनी सोय. प्लवकाची जात बदलली की पहिले ताट ओस पडते. भिगवणच्या ताटात चिलापी एवढी का, याचे उत्तर थोडे चवीत आहे आणि बरेचसे पाण्यात.

रोहित पक्ष्याचे गणित वेगळे. डोके उलटे करून तो चोचीने गाळ आणि पाणी गाळतो. त्यातले बारीक कवचधारी जीव, अळ्या, शेवाळ त्याच्या पोटात राहते, आणि गुलाबी रंगही त्यातूनच येतो. त्याला खोल पाणी नको. धरण उशिरापर्यंत भरलेले राहिले की भिगवणला त्याची वाट पाहावी लागते, होडीवाल्यांचाही हंगाम लांबतो.

याउलट खुल्या समुद्रात काय चालले आहे, ते पुण्यातच पाषाणला बसलेल्या शास्त्रज्ञांनी सांगितले. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असा, की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती प्लवक काही भागांत वीस टक्क्यांपर्यंत घटले. समुद्राचा वरचा थर तापला, मजले घट्ट झाले आणि खत वर येईनासे झाले. म्हणजे तिकडे प्लवक उपाशी आणि इकडे उजनीत अजीर्ण. दोन्हीकडे पाणी तापणे आहेच.

बारामती आणि इंदापूरच्या शेततळ्यांत मासे पाळणारे शेतकरी हा समतोल रोज हाताने सांभाळतात. बोटुकली सोडण्याआधी शेण आणि थोडे सुपर फॉस्फेट घालून पाणी हिरवे करतात. मग पाण्यात हात बुडवायचा. पाणी कोपराला लागेपर्यंत पंजा दिसेनासा झाला की प्लवक पुरेसे. पंजा त्याआधीच, मनगटापाशी दिसेनासा झाला तर खत बंद करायचे, ताजे पाणी सोडायचे किंवा हवा खेळवायचे यंत्र लावायचे. इटलीच्या सेक्की या पाद्री-शास्त्रज्ञाने १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून जे मोजले, तेच हे. तळ्यात खत थांबवता येते, कारण पोते शेतकऱ्याच्या हातात असते.

जूनअखेर किंवा जुलैत वरच्या धरणांतून पाणी सुटले की पहिला लोंढा दौंडवरून खाली येतो. त्यात फेस असतो, जलपर्णी असते, वर्षभर नदीपात्रात साचलेले सगळे असते. मासेमारी करणारे त्या दिवसांत होड्या काठाला ओढून बांधतात. गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, हिरवा तवंग फुटून वाहून जातो आणि काही आठवडे पाणी तांबूस राहते. श्राद्धपक्षाच्या सुमाराला गाळ खाली बसतो, घुसळण अजून थोडी असते, पाण्यात नवे खत आलेले असते, आणि डायटमला वर्षातले आपले चांगले दिवस मिळतात. जाळ्याची पहिली मोठी ओढ लागते ती त्यानंतर. जाळ्यांच्या कर्जाचे हप्ते आम्ही दिवाळीनंतर लावत असू, ते याच हिशेबाने.